ग्राउंड ऑर्किड: कुंडीचा खर्च किती, कासचा किती?

जमिनीत वाढणाऱ्या ऑर्किडची एक कुंडी घरी लावायची, तर पहिल्या वर्षी ४०० ते ७५० रुपये पुरतात. सह्याद्रीतली रानटी ऑर्किड, म्हणजे आमरी, पाहायला पुण्याहून चौघांनी गाडीने साताऱ्याजवळच्या कास पठारावर जाऊन यायचे, तर माणशी सातशे ते हजार धरा. रानातली आमरी उपटून कुंडीत लावणे वरवर फुकटचे दिसते, पण सर्वांत महाग तेच पडते.

घरासाठी काय घ्यावे?

नर्सरीत ‘ग्राउंड ऑर्किड’ मागितले की बहुधा स्पॅथोग्लॉटिस मिळते. ताडाच्या रोपासारखी घडीदार पाने आणि जांभळी, पिवळी किंवा पांढरी फुले, ही त्याची ओळख. आपला उकाडा आणि कोकणातला पाऊस त्याला मानवतो. एकाच दांड्यावर कळ्या एकामागून एक उघडत राहतात, त्यामुळे दांडा सुकेपर्यंत कापू नका.

ब्लेटिला हे चीन-जपानकडचे ऑर्किड कडक थंडी सोसते. किंबहुना त्याला विश्रांतीसाठी थंडी लागतेच. मुंबईच्या गच्चीवर त्यासाठी पैसे घालू नका.

एका कुंडीचा अंदाजे हिशेब असा (शहर आणि हंगामाप्रमाणे भाव बदलतात):

- फुलावर आलेले रोप: १५० ते ३५० रुपये
- आठ इंची कुंडी: ६० ते १२० रुपये
- माती, कोकोपीट, पालापाचोळ्याचे खत, विटांचे तुकडे: १०० ते १५० रुपये
- विद्राव्य खत (१९:१९:१९), छोटे पाकीट: ८० ते १२० रुपये

सकाळचे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशी जागा निवडा. पाणी साचले की गड्डे कुजतात. दोन-तीन वर्षांत कुंडी गड्ड्यांनी भरली की पावसाळ्याच्या तोंडाला तीन-तीन गड्डे एकत्र ठेवून भाग करा. दुसऱ्या कुंडीचे रोप मग घरचेच.

घेताना काय पाहावे?

रोप शक्यतो फुलावर असतानाच घ्या, म्हणजे रंगात फसगत होत नाही. बुडाशी नवा कोंब असावा. पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. ते रोप सोडून द्या. रोप गड्डे वेगळे करून वाढवले आहे की टिश्यू कल्चरचे, हे विचारा. अगदी लहान रोप स्वस्त मिळेल, पण फुलासाठी थांबावे लागेल.

पैसे कुठे घालू नयेत?

ऑनलाइन मिळणारी ‘ऑर्किडच्या बियां’ची पाकिटे घेऊ नका. ऑर्किडचे बी धुळीइतके बारीक असते आणि त्यात अंकुरापुरताही अन्नसाठा नसतो. निसर्गात ठरावीक बुरशीच्या आधाराने ते रुजते, नाहीतर प्रयोगशाळेत. कुंडीत पेरून काही उगवणार नाही.

घाटात किंवा जत्रेत विकायला ठेवलेले रानटी कंदही घेऊ नका. हबेनारिया गटातली आमरी जुन्या कंदाच्या जोरावर फुलते आणि त्याच वेळी शेजारी पुढच्या वर्षाचा कंद भरत असते. फुलावर असताना खणली तर नवा कंद अर्धवट राहतो आणि मातीतल्या बुरशीची साथही तुटते. अशी रोपे कुंडीत सहसा तग धरत नाहीत. शिवाय राखीव वनातून झाड उपटणे हा गुन्हा आहे. सगळी ऑर्किड ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली येतात. त्यामुळे परदेशातल्या मुला-नातवंडांसाठी परवान्याशिवाय बॅगेत कंद देऊ नका.

रानात पाहायला किती खर्च?

कास पठार साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. पुण्याहून जाऊन-येऊन साधारण २८० किलोमीटर होतात. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या गाडीला १९ लिटर पेट्रोल, म्हणजे सुमारे २,००० रुपये लागतात. चौघांत माणशी ५००. टोल आणि खाणे वेगळे. गेल्या काही हंगामांत प्रवेश शुल्क माणशी १०० ते १५० रुपये होते. रोजच्या पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा असल्याने ऑनलाइन नोंदणी आधीच करा आणि चालू दर तेव्हाच तपासा.

तारीख मात्र फुलाप्रमाणे ठरवा. जमिनीला चिकटलेल्या पानावर पांढरी फुले काढणारी आषाढातली हबेनारिया जून-जुलैत येते. दांड्याच्या एकाच बाजूला फुले मांडणारे टूथब्रश ऑर्किड ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरअखेरच्या रंगीत गालिच्यासाठी गेलात, तर पहिली आमरी केव्हाच संपलेली असते.

एकदाच जमणार असेल तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला, शनिवार-रविवार सोडून एखादा दिवस धरा. पायवाट सोडू नका, कारण आमरी पायाखालीच असते.