मोटारीच्या पुढील स्प्रिंगांची परीक्षा

पारोळें-एरंडोलवरून धुळ्याहून जळगांवीं जाणाऱ्या रस्त्यानें ज्यांनीं वर्षानुवर्षें प्रवास केला आहे, त्यांस गचका म्हणजे काय हें सांगावयास नको. तापी व गिरणा यांच्या खोऱ्यांतील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत आकसून भेगाळते; त्यामुळें तिच्यावरील रस्त्यास उंचवटे व खळगे पडण्याचा संभव असतो. त्यांचे हादरे प्रवाशापर्यंत पोंचूं नयेत म्हणून चाक व गाडीचा सांगाडा यांमध्यें स्प्रिंग घालतात. साध्या बैलगाडीस ती नसते, टांग्यास असते. दोहोंत बसून पाहणारास तिचें महत्त्व तेव्हांच कळतें.

मालमोटारीची स्प्रिंग बहुधा पोलादी पट्ट्या एकावर एक ठेवून केलेली कमान असते. तिच्या पट्ट्यांस कारागीर पाटे म्हणतात. लहान मोटारीस पुढच्या बाजूस बहुधा वेटोळ्यांची स्प्रिंग असते. दोहोंस एकच नियम लागू आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें १६७८ सालीं तो प्रसिद्ध केला: मर्यादेच्या आंत भार दुप्पट केला तर स्प्रिंगचें दबणेंही दुप्पट होतें, व भार काढला कीं ती पूर्ववत् होते. मर्यादा ओलांडली कीं ती पूर्ववत् होत नाहीं. ती कायमची बसते.

आतां पुढीलच स्प्रिंगांचा विचार कां, असा प्रश्न विद्यार्थी करतील. ब्रेक लावला असतां गाडीचा भार पुढें झुकतो. समजा, गाडी १००० किलोग्रॅमची आहे, तिच्या पुढील व मागील चाकांत अडीच मीटर अंतर आहे, व तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आहे. रस्त्यावर सावकाश थांबतांना पुढें ६० किलोग्रॅमच्या आसपास भार सरकतो. पण शर्यतीच्या मार्गावर कडक ब्रेक लाविल्यास तोच २०० किलोग्रॅमपर्यंत जातो. दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथें २०११ सालीं सुरू झालेल्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटचा एक फेरा ५ किलोमीटर १२५ मीटरांचा असून त्यांत १६ वळणें आहेत. अशा मार्गावर एका दिवसांत पुढील स्प्रिंगा किती वेळां दबत असतील, याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा. आमच्याकडील लळिंगचा घाट भरल्या गाडीनें उतरणारा चालकही थोड्याफार प्रमाणांत हीच परीक्षा देत असतो.

परीक्षेचा क्रम असा ठेवावा. प्रथम गाडी सपाट जागीं रिकामी उभी करून चारी चाकांची हवा पुस्तकांत दिल्याप्रमाणें भरावी. मग चाकाच्या मध्यापासून वरील मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची डावीकडे व उजवीकडे मोजून वहींत तारखेसह लिहावी. एक बाजू खालीं गेलेली आढळली, किंवा महिन्यामागून महिना उंची कमी होत गेली, तर स्प्रिंग बसत चालली असा संशय घ्यावा.

नंतर चाक काढून, गाडी भक्कम घोडीवर टेकवून, स्प्रिंग पुसून दिव्याच्या उजेडांत पाहावी. रंग उडून गंज चढला आहे काय? वेटोळीं एकमेकांस घासून चकाकत आहेत काय? शेवटचें वेटोळें तुटलें तर नाहीं? पाटे असतील तर ते जागचे सरकले आहेत काय, व मधल्या बोल्टाच्या भोकाशीं चीर आहे काय, हें अवश्य पाहावें. गंजाची बारीक खांच हीच पुढें मोठ्या चिरेची सुरुवात ठरते.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. बसलेल्या स्प्रिंगची उंची कमी होते, पण तिचा ताठपणा जवळजवळ पूर्वीचाच राहतो. मात्र गाडी खालीं आल्यामुळें ती रबरी ठोकळ्यावर लवकर आदळते. गंजानें तार झिजली तर मात्र ताठपणाच कमी होतो, कारण तो तारेच्या जाडीच्या चतुर्थ घातावर अवलंबून असतो. तारेची जाडी सर्वत्र शेंकडा ५ नें घटली तर ताठपणा शेंकडा सुमारें १९ नें घटतो! अशी स्प्रिंग बदलणें हाच उपाय. आणि ती एकटी न बदलतां डावी-उजवी जोडीनें बदलावी, नाहींपेक्षां गाडी एका अंगास कलते.

पालकांस व होतकरू कारागिरांस आमची आग्रहाची सूचना आहे कीं, स्प्रिंग उतरविण्याचें काम माहितगाराच्या हातूनच, ती आवळून धरणाऱ्या साधनासह, व्हावें. ३०० किलोग्रॅम भाराखालीं १० सेंटिमीटर दबलेल्या स्प्रिंगमध्यें, १५ किलोग्रॅमचा दगड एक मीटर उंचीवरून पडावा इतकी शक्ति साठलेली असते. ती एकदम सुटली तर हात किंवा डोळा गमवावा लागेल. पाहणें, मोजणें व लिहून ठेवणें मात्र कोणाही विद्यार्थ्यास करितां येण्यासारखें आहे. आणि पुष्कळ अपघात एवढ्यानेंच टळतात.