नाळेतला फुगवटा

प्रश्न : दहाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाचं आतडं पोटाबाहेर दिसलं. घरचे घाबरलेत. व्यंग आहे का?
– एक वाचक, मळमड्डी, धारवाड

उत्तर : एवढ्यात आहे असंही म्हणता येत नाही आणि नाही असंही. ८ ते १२ आठवड्यांत प्रत्येक बाळाचं आतडं नाळेच्या मुळाशी बाहेर येतं नि आपोआप आत जातं. १२ आठवडे पूर्ण झाले की पुन्हा सोनोग्राफी करा. मानेमागची जाडीही तेव्हा मोजून होईल. आतडं बाहेरच राहिलं किंवा फुगवट्यात यकृत दिसलं, तर तो ओम्फॅलोसील. मग गुणसूत्रांची तपासणी आणि पुढे बाळाच्या हृदयाची इको हवीच. बाळाचं भवितव्य फुगवट्यापेक्षा या दोन्ही तपासण्यांवर ठरतं. दोन्ही ठीक असतील, तर जन्मानंतरच्या शस्त्रक्रियेने बहुतेक मुलं बरी होतात.

गंभीर व्यंग निघून गर्भपाताचा विचार करावा लागला, तरी कायद्याची धास्ती नको. २००८ मध्ये मुंबईच्या निकेता मेहता या गर्भवतीला उच्च न्यायालयाने गर्भपाताची परवानगी नाकारली; २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असल्यास २४ आठवड्यांपुढेही वैद्यकीय मंडळ ती देऊ शकतं.