ऐच्छिक विषय कसा निवडावा?



नववीचे वर्ष सुरू झाले म्हणजे शाळेच्या व्हरांड्यात एक प्रश्न हमखास कानी पडतो : "तू कोणता विषय घेतलास?" या प्रश्नाचे उत्तर सर्वांपाशी तयार असते. पण त्यापाठोपाठ "तोच का घेतलास?" असे कोणी विचारले, तर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कसे शोधावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शब्दाचा अर्थ

प्रथम शब्द पाहू. 'इच्छा' या शब्दापासून 'ऐच्छिक' हा शब्द बनला. जो विषय विद्यार्थी आपल्या इच्छेने घेतो, तो ऐच्छिक. अशा विषयाला 'वैकल्पिक' असेही म्हणतात. तो शब्द 'विकल्पा'पासून आला आहे, आणि विकल्पाचे मराठीत दोन अर्थ होतात. एक अर्थ पर्याय, आणि दुसरा संशय. 'मनात विकल्प आला' असे आपण म्हणतो, तेव्हा हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. ज्याच्यापाशी स्वतःची इच्छा नाही, त्याला समोरचे पर्याय केवळ संशयात टाकतात, हे या एका शब्दातच सुचविलेले आहे.

'निवडणे' हे क्रियापद तर घरोघरचे आहे. आई सुपात तांदूळ घेऊन निवडावयास बसते, तेव्हा ती त्यातील खडे आणि गोंडर बाजूला काढते. आपल्या कोकणीत निवडीला 'वेंचप' म्हणतात, आणि निवडणुकीला 'वेंचणूक'. मराठीतले 'वेचणे' ते हेच. झाडाखाली पडलेली फुले एक एक करून उचलणे. निवडण्यात नको ते टाकावयाचे असते, वेचण्यात हवे ते उचलावयाचे असते. विषय ठरविताना या दोन्ही क्रिया याच क्रमाने कराव्या लागतात. आधी चुकीची कारणे दूर सारावी, मग योग्य कारण हाती घ्यावे.

थोडा इतिहास

विद्यार्थ्याला विषय निवडण्याचा अधिकार असावा, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी १८६९ ते १९०९ या आपल्या दीर्घ कारकिर्दीत तिचा मोठा पुरस्कार केला. सर्वांनी ठराविक ग्रंथ ठराविक क्रमाने शिकावेत ही जुनी रीत त्यांनी मोडली आणि विद्यार्थ्यांना विषयांची मोकळीक दिली. तिचा लाभ पुष्कळांनी घेतला. परंतु काहींनी कशाचा कशाशी मेळ नसलेले सोपे तेवढे विषय गोळा केले. म्हणून एलियट यांच्यामागून आलेले अध्यक्ष लॉवेल यांनी असा नियम केला की, विद्यार्थ्याने एका क्षेत्राचा खोल अभ्यास करावा आणि उरलेले विषय निरनिराळ्या क्षेत्रांतून घ्यावेत. एकीकडे खोली आणि दुसरीकडे विस्तार, हे निवडीचे सूत्र त्यातून पुढे आले.

आपल्या देशात डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ साली माध्यमिक शिक्षण आयोग नेमला गेला. सर्वांना समान असे काही विषय आणि त्यांच्या जोडीला सात गटांपैकी एक गट, अशी योजना त्याने सुचविली. मानव्यविद्या, विज्ञान, तांत्रिक विषय, वाणिज्य, शेती, ललितकला आणि गृहशास्त्र हे ते सात गट. त्यासाठी बहुउद्देशी शाळा निघाल्या. योजना चांगली होती. पण शेती शिकवायची तर शेत हवे, तांत्रिक विषयाला कर्मशाळा हवी, आणि या सर्वांना जाणते शिक्षक हवेत. ते सगळीकडे मिळाले नाहीत. पुढे डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या आयोगाने (१९६४-६६) असे मत दिले की, इतक्या कोवळ्या वयात मुलाला एका गटाशी बांधू नये. पहिली दहा वर्षे सर्वांना समान सामान्य शिक्षण द्यावे आणि त्याबरोबरच प्रत्येकाने हाताने काम करण्याचा अनुभव घ्यावा.

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर येथील माध्यमिक शाळांचा संबंध महाराष्ट्राच्या शालान्त परीक्षेशी जोडला गेला होता. १९७५ साली गोव्याचे स्वतःचे माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पुन्हा निवडीचा पुरस्कार केला आहे. कला आणि विज्ञान, पुस्तकी विषय आणि व्यावसायिक विषय यांच्यामध्ये पक्की भिंत असू नये, असे हे धोरण सांगते. सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावयास जावे, अशीही त्यात सूचना आहे. आज माहिती तंत्रज्ञान, मोटारदुरुस्ती, आरोग्यसेवा, शेती, किरकोळ विक्री यांसारखे विषय शाळांतून शिकविले जातात. कोणत्या शाळेत कोणते, हे मात्र त्या शाळेच्या सोयींवर अवलंबून असते.

या इतिहासावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. मुलाला निवडच न देणे जितके अहिताचे, तितकेच त्याला कोणतीही तयारी नसताना निवड करावयास लावणे अहिताचे. तेव्हा तयारीचा विचार करू.

आधी खडे वेचून टाकू

पहिला खडा मैत्रीचा. मित्राने घेतला म्हणून मी घेतला, हे उत्तर सर्वांत अधिक ऐकू येते. मैत्री ही मोलाची वस्तू खरी. परंतु परीक्षेच्या दालनात मित्राचे बाक दूर असते आणि आयुष्यात त्याहूनही दूर असू शकते.

दुसरा खडा गुणांचा. अमुक विषयात गुण सहज मिळतात, अशी वार्ता एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे वारशासारखी जाते. गुणांची आवश्यकता कोणी नाकारीत नाही. पण ज्या विषयाने डोक्याला किंवा हाताला काहीच श्रम पडले नाहीत, त्याचे गुण गुणपत्रिकेवर राहतात आणि विद्यार्थ्याजवळ काही राहत नाही.

तिसरा खडा 'हा मुलांचा, तो मुलींचा' या समजुतीचा. घरातला पंखा बंद पडला तर तो कोणी उघडून पाहावा आणि शर्टाचे बटण तुटले तर ते कोणी लावावे, हे यंत्राला अथवा सुईला ठाऊक नसते. ज्या मुलीला यंत्राची आवड आहे तिला यंत्र द्यावे, आणि ज्या मुलाला शिवणकामाची गोडी आहे त्याला सुईदोरा द्यावा.

चौथा खडा सर्वांत मोठा, आणि तो धान्याच्या रंगाचाच असल्यामुळे चटकन दिसत नाही. 'आज ज्याला मागणी आहे तेच शिकावे' हा तो विचार. शिरगावच्या विद्यार्थ्याला याचे उदाहरण पुस्तकात शोधावे लागत नाही. आपल्या गावाच्या कडेला लोहखनिजाच्या खाणी झाल्या. शेते गाळाने भरली, विहिरींचे पाणी खाली गेले. परंतु घरोघर पैसा आला. ट्रक आले, बार्जेस भरू लागल्या, यंत्रदुरुस्तीच्या शाळा रस्त्याकडेला निघाल्या. ट्रकचे चाक हाती आले की महिन्याला पैसे हाती येतात, मग दहावी झाली काय आणि न झाली काय, असे डिचोली तालुक्यातील अनेक मुलांना वाटले आणि त्या वेळी ते चुकीचेही दिसत नव्हते. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. मध्यंतरी काही काळ चालल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालानंतर मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. अंगणातले ट्रक अंगणातच गंजले, कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. पुढे नव्याने लिलाव होऊन काम पुन्हा सुरू होऊ लागले. पण मधली वर्षे ज्यांची गेली, त्यांची गेलीच.

यात त्या मुलांना दोष देण्याचा हेतू नाही. घरची चूल पेटती ठेवणे हे लहान काम नव्हे. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, मागणी ही दुसऱ्याच्या हातची गोष्ट आहे. आज पेडणे तालुक्यात मोपा येथे विमानतळ झाला आहे, २०२३ पासून तेथून विमाने उडतात, आणि पर्यटनाशी संबंधित विषयांकडे ओढा वाढत आहे. तो विषय अवश्य घ्यावा. मात्र केवळ विमानतळ आहे म्हणून घेऊ नये. त्यातून दुसऱ्याशी नीट बोलावयास येते का, आणखी एखादी भाषा येते का, आपल्या प्रदेशाचा इतिहास कळतो का, हे पाहून घ्यावा. असे गुण विमानतळ नसला तरी उपयोगी पडतात.

मग काय वेचावे?

गोव्याच्याच मातीतील दोन माणसांची आठवण येथे होते. धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १८७६ साली सांकवाळ येथे झाला. घरच्या परिस्थितीमुळे त्यांचे शालेय शिक्षण फार झाले नाही. 'बालबोधमेवा' या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचले आणि त्याच्या शिकवणुकीचा मूळ अभ्यास करण्याची त्यांना ओढ लागली. १८९९ मध्ये त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करून संस्कृत शिकत ते सिंहलद्वीपी पोचले आणि तेथे पाली शिकले. पुढे १९१२ ते १९१८ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे प्राध्यापक होते, आणि हार्वर्ड येथेही त्यांनी 'विसुद्धिमग्ग' या पाली ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. ऐच्छिक या शब्दाचा याहून शुद्ध अर्थ दुसरा कोणता सांगावा? त्यांच्यासमोर विषयांची यादी कोणी ठेवली नव्हती. इच्छा आधी होती, विषय त्यांनी चालत जाऊन मिळविला.

त्यांचे पुत्र दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली गोव्यात जन्मले आणि १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले. ते गणिती होते. पण गणिताच्या कुंपणात राहिले नाहीत. प्राचीन नाणी वजन करून त्यांच्या झिजेवरून संख्याशास्त्राच्या साहाय्याने इतिहासाचा माग काढता येतो, हे त्यांनी दाखविले. आनुवंशशास्त्रात त्यांच्या नावाचे सूत्र आहे, भर्तृहरीच्या सुभाषितांची त्यांनी संपादित केलेली आवृत्ती १९४८ मध्ये निघाली, आणि भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ १९५६ साली प्रसिद्ध झाला. एक विषय खोल आणि त्यातून इतर विषयांना वाटा, हे वर सांगितलेले सूत्र त्यांच्या ठायी मूर्तिमंत दिसते.

आपण सर्वांनी कोसंबी व्हावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्यांच्यापासून तीन कसोट्या घेता येतील.

१. परीक्षा नसती तरी या विषयातले काही मला जाणावेसे वाटले असते का?

२. हा विषय माझ्या दुसऱ्या एखाद्या विषयाला उजेड देतो का? मोटारदुरुस्ती शिकणाऱ्याला विज्ञानातील उष्णतेचा धडा अधिक कळतो. चित्रकलेने भूमिती सोपी होते. पोर्तुगीज शिकणाऱ्याला आपल्याच जमिनीचा जुना दस्तऐवज वाचता येतो.

३. आज शिकवितो तो धंदा उद्या बंद पडला, तर या विषयातले माझ्याजवळ काय उरेल? डिचोलीचे कुंभार आणि पितळी समया घडविणारे कारागीर यांच्याकडे क्षणभर पाहा. गिऱ्हाईक कमी-अधिक होते, पण माती आणि धातू ओळखणारा त्यांचा हात कोणी काढून घेऊ शकत नाही. असे काही उरत असेल, तर तो विषय निःशंक घ्यावा.

पालकांस आणि शाळेस

पालकांना एक विनंती. आपली अपुरी राहिलेली इच्छा मुलाच्या ऐच्छिक विषयात घालू नये. त्याला प्रश्न विचारावेत, माहिती द्यावी, खर्चाची अडचण असेल तर तीही मोकळेपणाने सांगावी. नंतर निर्णय त्याचा असू द्यावा. आम्हा शिक्षकांवरही जबाबदारी आहे. लहान गावातील शाळेला दोन-तीनच विषय देता येतात, आणि तेथे विद्यार्थी विषय निवडीत नसून विषयच विद्यार्थ्याला निवडतो, असे कोणी म्हटल्यास ते खोडून काढणे कठीण आहे. म्हणून जे थोडे विषय आपण देतो, त्यांची पुरती ओळख आठवीच्या अखेरीसच करून द्यावी. वर्गात एक-दोन नमुन्याचे तास घ्यावेत, गावातील सुतार, परिचारिका, बागायतदार यांना बोलवावे. पाहिल्यावाचून इच्छा जन्मत नाही.

अखेरीस, ऐच्छिक म्हणजे सोपा, हा समज मनातून काढून टाका. आपल्या गावी श्री लईराईच्या जत्रेला हजारो धोंड येतात. धोंड होण्याची कोणावर सक्ती नसते. ते सर्वस्वी ऐच्छिक आहे. पण एकदा व्रत स्वीकारले की स्नान, उपवास आणि सोवळे यांचे नियम कोणी ऐच्छिक मानीत नाही, आणि ते नियम पाळणाराच होमकुंडापाशी उभा राहतो. विषय घेणे तुमच्या इच्छेवर आहे. घेतल्यावर तो वर्षभर निष्ठेने करणे हे तुमचे कर्तव्य आहे. इच्छेने स्वीकारलेले कर्तव्य माणसाला जितके मोठे करते, तितके लादलेले कर्तव्य करीत नाही, म्हणून यादीतील नावापुढे खूण करण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि "तोच का?" या प्रश्नाचे उत्तर स्वतःला द्या.