लाइट जाते किती वेळ?

इन्व्हर्टर वीज तयार करत नाही. तो नुसता साठवणीचा हंडा. नळाला पाणी आलं की भरायचा, नाही आलं की रिकामा. दुकानात हे कुणी सांगत नाही. आमच्या दापोली तालुक्यात ते घरोघरी एकदमच कळलं, ३ जून २०२० नंतर.

त्या दुपारी निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगाने किनाऱ्यावर चढलं आणि दापोली-मंडणगडपर्यंतच्या बागा आडव्या करून गेलं. माड-पोफळींबरोबर विजेचे खांबही पडले. आमच्याकडे १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी होती, पाणी घातलेली, नीट राखलेली. तिने पहिली रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी इन्व्हर्टर टीं-टीं करत गप्प झाला, तो लाइट येईपर्यंत गप्पच. काही गावांत लाइट यायला आठवडे लागले. त्या दिवसांत आम्हाला तारलं ते विहिरीवरच्या जुन्या रहाटाने, आणि वाडीत टेम्पोवर जनरेटर फिरवून घरोघरच्या टाक्या भरून देणाऱ्या एका पोराने. मोबाइलही लोक त्याच्याच टेम्पोपाशी चार्ज करून नेत.

पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं आणि विक्रेत्यांच्या फेऱ्या वाढल्या. आमच्या ओटीवर बसून एकाने चहा घेता घेता अंदाजपत्रक मांडलं: ५ केव्हीएचा इन्व्हर्टर, चार बॅटऱ्या, लाखाच्या पुढचा आकडा. "वहिनी, फ्रिज, पंप, मिक्सर, सगळं चालेल. लाइट गेली हे कळणारसुद्धा नाही." भावोजींना पटत चाललं होतं. मी विचारलं, आठवडाभर लाइट आलीच नाही तर या चार बॅटऱ्या चार्ज कशावर करायच्या? त्याने कागदाची घडी घातली आणि सोलरचा विषय काढला.

सोलरचंही नीट ऐकून घ्या. माझ्या भावाने चिपळूणला छपरावर ३ किलोवॅटचं बसवलं, पीएम सूर्यघर योजनेतून ७८,००० रुपयांचं अनुदान मिळालं, बिल खरोखरच उतरलं. मग एकदा भर दुपारी लाइट गेली. बाहेर कडक ऊन, आणि घरात पंखा बंद. बिघाड काहीच नव्हता. साधं ऑन-ग्रिड सोलर बाहेरची लाइन गेली की आपोआप बंद पडतं. नाहीतर आपल्या छपरावरची वीज तारेत जाऊन खांबावर काम करणाऱ्याचा जीव जाईल. लाइट गेल्यावरही चालणारं सोलर हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि त्याचा खर्च निराळा. सही करण्याआधी एवढं विचाराच: लाइन गेल्यावर हे चालेल का?

तेव्हा पहिला प्रश्न कोणती कंपनी घ्यावी हा नव्हे. तुमच्याकडे लाइट जाते ती किती वेळ? महिनाभर कॅलेंडरवर लिहून ठेवा. आमच्याकडचं बहुतेक जाणं तासा-दोन तासांचं असतं: पावसात फांदी पडते, डीपीचा फ्यूज उडतो. त्याला एक बॅटरी पुष्कळ. हिशोब सोपा आहे. १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. प्रत्यक्षात हाती येतात हजार-अकराशे. दोन साधे पंखे, चार एलईडी आणि वायफाय मिळून दोनशे वॅटच्या आसपास जातात, म्हणजे पाच तास. तेच पंखे बदलून बीएलडीसी घेतले, तर साधा पंखा सत्तर-पंचाहत्तर वॅट खातो तिथे हा तीसच्या आसपास खातो. तीच बॅटरी नऊ-दहा तास जाते, शिवाय बिल वर्षभर कमी. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदला, हे मी भेटेल त्याला सांगते.

पंप मात्र इन्व्हर्टरवर नकोच. एक अश्वशक्तीची मोटर चालताना साडेसातशे वॅटच्या वरच घेते, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते आणि छोटा इन्व्हर्टर ट्रिप होतो. त्यापेक्षा वरची टाकी मोठी बसवा. लाइट असताना भरलेली हजार लिटरची टाकी कुठल्याही बॅटरीपेक्षा स्वस्त पडते, आणि तिला डिस्टिल्ड वॉटर लागत नाही. फ्रिजचं दार उघडलं नाही तर चारेक तास आतला गारवा टिकतो.

आता पैशाचं. इन्व्हर्टर-बॅटरी मिळून पंचवीस हजार धरा, बॅटरीचं आयुष्य पाच वर्षं. आठवड्याला दोन तास लाइट जात असेल तर दोनशे वॅटच्या हिशोबाने वर्षाला वीसेक युनिट वापरली जातात. म्हणजे अडीचशे रुपये युनिट! शिवाय बॅटरी भरलेली ठेवायला तो इन्व्हर्टर दिवसरात्र दहा-पंधरा वॅट घेत राहिला, तर वर्षाला शंभरेक युनिट त्यातच जातात. तरीही मी एक बॅटरी ठेवली आहे, कारण सासूबाईंना रात्री पंख्याशिवाय धाप लागते. ती गरज रुपयांत मोजता येत नाही. चार बॅटऱ्यांची हौस मात्र मोजता येते.

घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल तर मात्र काटकसर करू नका. पाच लिटरचं यंत्र तीनशेच्या वर वॅट सतत खातं; तिथे मोठी बॅटरी हवी, आणि ती संपली तर भरलेला सिलिंडर उशाशी हवा.

जनरेटरबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण तिथे माणसं मरतात. तो पडवीत किंवा बंद खोलीत लावू नये. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि दोन्हीकडे पिना असलेली वायर करून तो घरातल्या प्लगात खुपसणारे महाभाग आमच्या वाडीतही निघाले. मेन स्विच बंद करायचा राहिला, तर ती वीज उलटी डीपीत जाते आणि पलीकडच्या तारेत ११ हजार व्होल्ट होऊन बसते. वादळानंतर आलेला वायरमन खांबाखाली उभा राहिला, घराघरांत हाका मारल्या, आणि शेवटच्या जनरेटरचा आवाज थांबल्याचं स्वतःच्या कानांनी ऐकल्यावरच वर चढला. जनरेटर हवाच असेल तर चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, तोही जाणत्या माणसाकडून.

बॅटरी देवघराखाली ठेवू नका. जागा रिकामी असते म्हणून पुष्कळ घरांत ती तिथेच जाते. पण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि वर निरांजन तेवत असतं. फ्लोटची लाल खूण दिसू लागली की डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं किंवा फिल्टरचं नाही. आमच्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट खार चढतो, तो पुसून व्हॅसलीन लावा. वॉरंटी '३६ अधिक २४ महिने' अशी छापलेली असली तर फुकट बदलून मिळते ती पहिल्या ३६ महिन्यांतच. पुढच्या २४ महिन्यांत नव्या बॅटरीवर सूट तेवढी मिळते.

आणि सगळे पैसे आधी देऊ नका. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर विक्रेत्याला घरी बोलवा, मेन बंद करा, रोजचे पंखे-दिवे लावा, आणि तासभर त्याला तिथेच चहाला बसवा.