पोस्ट-डॉकला निघालेल्या खान्देशातल्या पोरांसाठी

मेंदूविज्ञानात पोस्ट-डॉक करायला निघाला असाल तर सामान बांधण्याआधी नेमणुकीचं पत्र शब्दन् शब्द वाचा. माझ्या पत्राचा खरा अर्थ मला धुळ्यातल्या एका मुलाखतीत कळला.

माझी वाट अशी: अमळनेरचं प्रताप महाविद्यालय, जळगावचं विद्यापीठ, आणि पीएच.डी.नंतर मोठ्या शहरातली एक नावाजलेली प्रयोगशाळा. उंदराच्या हिप्पोकॅम्पसचे काप घेऊन एकेका पेशीचा विद्युतप्रवाह टिपायचा. काप काही तासच जिवंत राहतात, त्यामुळे जेवणाखाणाची शुद्ध नसायची. तिथली सगळी जुळणी मी उभी केली, नवी पोरं मी शिकवली. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, पाहुण्यांसमोर मला ‘आमचा पोस्ट-डॉक’ म्हणत. पत्रावर मात्र ‘प्रोजेक्ट असोसिएट’. पोस्ट-डॉकच्या पदाला, म्हणजे रिसर्च असोसिएटला, जानेवारी 2023पासून महिना किमान 58,000 रुपये आणि वर घरभाडं आहे. मला त्याहून कितीतरी कमी. प्रकल्पाचा हप्ता अडकला की तेही बंद. मग खोलीचं भाडं वडील कापसाच्या पैशातून पाठवायचे.

यूजीसीच्या 2018च्या नियमांत सहायक प्राध्यापकाच्या छाननीला पोस्ट-डॉकच्या दर वर्षाचे 2 गुण आहेत, जास्तीत जास्त 10. पत्रावरच्या पदनामामुळे धुळ्याच्या त्या मुलाखतीत माझे शून्य धरले. व्हरांड्यातून सरांना फोन केला, पोस्ट-डॉक केल्याचं एका ओळीचं प्रमाणपत्र मागितलं. ‘प्रकल्पात तशी जागाच नव्हती, मी काय करणार?’ अहो, त्या प्रकल्पाचं अंदाजपत्रक मी स्वतः टाईप केलं होतं! रिसर्च असोसिएटची जागा त्यात होती आणि मंजूर होऊन आली होती. हे बोललो तेव्हा त्यांना मीटिंग आठवली. त्यानंतर त्यांनी माझा फोन उचललेला नाही.

पदनाम आणि मुदत रुजू होण्याआधी लेखी घ्या. अनुभवाचं प्रमाणपत्र दरवर्षी काढा. निघताना मागाल तर तुमची अडचण समोरच्याला पक्की कळलेली असते. शोधनिबंधात पहिलं नाव कोणाचं, ते प्रयोगाआधीच ईमेलवर ठरवा. जमलं तर स्वतःच्या नावावरची फेलोशिप घेऊनच जा. राष्ट्रीय पोस्ट-डॉक फेलोशिप आता एएनआरएफकडे आहे, इंडिया अलायन्सची वेगळी. वयाच्या अटी आधी बघा. तब्येत सांभाळा, घरी बोलत राहा.

आणि जिथे जाणार आहात त्या प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन कराच. जळगाव-धुळ्याकडच्या ज्यांनी असं काही भोगलं आहे, त्यांनी पोरांनी विचारलं तर भीड न ठेवता खरं सांगावं.