रक्ताच्या कर्करोगाची औषधे आणि अंगावरचे पुरळ

'रक्ताचा कॅन्सर' हे शब्द ऐकले की घरातल्यांचे हातपाय गळतात. देवळा, कळवण, सटाणा भागातील असे रुग्ण नाशिकला किंवा मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जातात आणि गोळ्या घेऊन गावी परततात. काही आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते, खाज सुटते. मग मला प्रश्न विचारला जातो, "डॉक्टर, गोळी उष्ण पडली का? बंद करू का?" याचे उत्तर आज पाहू.

रखवालदार कमी झाले तर

रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे रखवालदार. रक्ताचा कर्करोग बहुधा याच पेशींच्या घराण्यात होतो. त्यामुळे औषधाने रोगट पेशी मरतात, तशा चांगल्या पेशीही कमी होऊ शकतात. मग किरकोळ खरचटल्यावरही जंतू शिरतात. पू मुख्यतः पांढऱ्या पेशींचाच बनतो; पेशीच कमी असतील तर पू कोठून धरणार? म्हणून 'पू नाही, म्हणजे जखम साधी' असे या रुग्णांत समजू नये.

याच काळात नागीणही उठू शकते. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचे विषाणू शरीरात दडून राहिलेले असतात. प्रतिकारशक्ती घटली की ते डोके वर काढतात. नागिणीने वेढा पूर्ण केला की माणूस दगावतो, ही समजूत चुकीची आहे. लेप लावण्यात दिवस घालवू नयेत. विषाणूविरोधी औषध शक्यतो पहिल्या ७२ तासांत सुरू व्हावे.

लगाम सुटला तर

काही पांढऱ्या पेशी इतर पेशींना आवर घालतात. त्यांना नियंत्रक टी-पेशी म्हणतात. अमेरिकेत २०१४ साली मंजूर झालेल्या इडेलालिसिबसारख्या औषधाने हा लगाम ढिला पडतो. मग शरीराचे शिपाई स्वतःच्याच त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर चालून जातात. म्हणून पुरळासोबत जुलाब किंवा कावीळ दिसली तर ती वेगळी दुखणी समजू नयेत.

रंग उजळला तर

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियावरील इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. तिने पुरळ येते, डोळ्यांभोवती सूज येते आणि कधी त्वचेचा रंग फिका पडतो. आपल्या सावळ्या कातडीवर हे चटकन दिसते आणि लोक 'कोड फुटले' म्हणू लागतात. येथे दोष प्रतिकारशक्तीचा नाही. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींना लागणारे एक प्रथिन ही गोळी रोखते. हा संसर्ग नव्हे. शेजारी बसल्याने तो कोणालाही होत नाही.

मग करावे काय?

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. बहुतेक पुरळ सौम्य असते; खाजेवरील औषधाने किंवा डॉक्टरांनी मात्रा बदलल्याने ते आटोक्यात येते. गोळी सुटली तर दबलेला रोग पुन्हा उसळू शकतो. दुकानातून परस्पर स्टेरॉइडचे मलम आणू नये. इतर कोणते औषध चालू असल्यास, विशेषतः यूरिक ॲसिडसाठीचे ॲलोप्युरिनॉल, डॉक्टरांना जरूर सांगावे. त्यानेही क्वचित गंभीर पुरळ उठते.

मात्र १००.४ अंशांवर ताप, अंगावर फोड, कातडी सोलणे, तोंडात किंवा डोळ्यांत व्रण, चेहऱ्यावर एकाएकी सूज, श्वासाला त्रास, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. औषधांचा कागद व रक्ताचे रिपोर्ट सोबत न्यावेत.

इमॅटिनिबच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने मूळ कंपनीची मागणी फेटाळली आणि भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांचा मार्ग मोकळा राहिला. महिन्याला लाखाच्या घरातील औषध काही हजारांत मिळू लागले. गरिबाच्या आवाक्यात आलेली ही गोळी निव्वळ खाजेपायी सोडून देऊ नका. पुरळ दिसले की आधी डॉक्टरांना दाखवा. गोळीचा निर्णय त्यांना करू द्या.