पडणाऱ्या दाढेला कॅप कशाला?

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या नातीची खालची मागची दाढ किडली. डॉक्टरांनी रूट कॅनाल केलं. आता वर स्टीलची कॅप बसवायची म्हणतात. दाढ दुधाची, आज ना उद्या पडणारच. सिमेंट भरून भागणार नाही का?
– एक आजी, सातारा

उत्तर : आजी, तुमचा हिशेब चुकतो तो 'आज ना उद्या'पाशी. पुढचे दात मूल सहा-सात वर्षांचं असताना पडू लागतात, म्हणून दाढाही तेव्हाच जातील असं वाटतं. पण मागची दुधाची दाढ पडते 10 ते 12 व्या वर्षी. तोवर नातीला तिनेच भाकरी चावायची आहे. शिवाय नातीच्या आत्ताच्या वयातच या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. पुढची दुधाची दाढ वेळेआधी काढावी लागली, तर ही कायमची दाढ मोकळ्या जागेत सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची अडचण होते.

सिमेंटचं म्हणाल तर, दुधाच्या दाताचं कवच मुळातच पातळ. कीड बहुधा दोन दाढांच्या फटीतून शिरते, म्हणजे एक भिंत आधीच ढासळलेली. नसेपर्यंत पोचायला डॉक्टरांनी छतही काढलेलं. उरलेल्या भिंतींवर रोजच्या चावण्याचा भार आला की त्या तडकतात, फटीतून लाळ आणि जंतू झिरपतात आणि आतलं काम वाया जातं. कॅप दाढेला चहूबाजूंनी धरून ठेवते. खड्डा फक्त वरच्या बाजूला असता आणि दाढ दोनेक वर्षांत पडणार असती, तर मीही नुसतं भरून घ्या म्हटलं असतं.

लहान मुलांच्या दाढांसाठी स्टीलच्या तयार कॅपचा वापर अमेरिकेतले डॉ. विल्यम हम्फ्री यांनी 1950 साली सुचवला. ती वेगवेगळ्या मापांत मिळते, कडा चिमट्याने आत वळवून सिमेंटने बसवतात. सहसा एकाच बैठकीत. सुरुवातीला थोडी उंच लागेल, काही दिवसांत जमतं. निकेलची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. पांढरी झिर्कोनियाचीही मिळते, पण महाग, आणि ती बसवायला दाढ जास्त घासावी लागते. मागच्या दाढेसाठी एवढा सोस कशाला? मुलांना तर 'चांदीचा दात' मिरवायलाच आवडतो.

चिक्की आणि च्युइंगम मात्र बंद. कॅप निघालीच तर डबीत घालून लगेच डॉक्टरांकडे न्या. आणि ती पुढे काढायची कशी, ही काळजी नको : दाढ पडेल ती कॅपसकटच.